खांदा बदलणारा वाघ

सावरटोल्याचा वाघ कोणी पाहिला नव्हता, पण त्याचं वजन मला माहीत होतं. सव्वाशे किलोच्या आसपास, म्हणजे पूर्ण वाढलेली वाघीण. दिवेलागणीच्या सुमारास ती गावाच्या कडेला माझ्या नकाशावर उमटायची, तलावाच्या पाळीवरून चालत जंगलातल्या डोहापर्यंत जायची आणि तिथे नाहीशी व्हायची. नागपुरात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बसून मी तिचं पाऊल न् पाऊल तपासत होते आणि मनातून खूश होते. इतकी स्वच्छ चाल आजवर एकाही वाघाने मला दिली नव्हती.

एकच गोष्ट खटकायची. ती रोज गावाकडून जंगलात जायची, पण जंगलातून गावाकडे कधी यायची? पलीकडच्या खडकाळ अंगाने येत असेल, तिकडे केबल नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. समजूत घालून घ्यायला मला फार वेळ लागत नाही, असं माझे मार्गदर्शक हरकरे सर म्हणतात. माणूस खडूस आहे, पण बरेचदा बरोबर असतो.

केबलचं सांगायला हवं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात गावोगावी इंटरनेट नेण्यासाठी जंगलातल्या रस्त्यांच्या आणि तलावांच्या पाळींच्या कडेने काचतंतूंची केबल पुरलेली आहे. तिच्यात केसाएवढे बारीक काचेचे तंतू असतात. त्यातला एक रिकामा तंतू घ्यायचा आणि त्यात लेझरचे ठोके सोडत राहायचे. काच दिसायला कितीही निर्मळ असली तरी तिच्यात जागोजागी बारीक दोष असतात आणि त्या प्रत्येक जागेवरून थोडा प्रकाश उलटा परततो. वर जमिनीवर कोणी पाऊल टाकलं की खालची काच अगदी कणभर ताणली जाते आणि तिथून परतणारा प्रकाश बदलतो. परतायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते, किती बदलला त्यावरून वजनाचा अंदाज येतो. नुसती पुरून ठेवलेली केबल अशी जंगलभर कान लावून बसते.

पण पाऊल ऐकू आलं म्हणजे पावलाचा धनी कळला असं नाही. ते काम माझं. 'वनसंपदा आणि अवकाशीय विश्लेषण' हा माझा विषय. माझ्या थोरल्या बहिणीने, प्रतिमाताईने, पहिल्यांदा ऐकला तेव्हा "म्हंजे तू रॉकेटात बसशील का व?" असं विचारलं होतं. रॉकेट नाही, पण मी यंत्राला चाल ओळखायला शिकवली. वाघ चालताना मागचा पाय नेमका पुढच्या पायाच्या ठशात टाकतो. त्यामुळे जमिनीत एकाच जागी दोन ठोके पडतात, एकामागून एक. गाय असं करत नाही, रानडुक्कर इतक्या नेमाने करत नाही, आणि माणसाला तर दोनच पाय. या एका सवयीवर माझा अख्खा प्रबंध उभा होता.

यंत्र चाललं. नुसतं चाललं नाही, त्याने आमच्या भागाचं जगणंच बदललं. वाघ गावाजवळ आला की घरोघरी फोन वाजायचा. सरपणाला जाणाऱ्या बाया आधी नकाशा बघायच्या, मग पदर खोचायच्या. दोन उन्हाळे आमच्या वनक्षेत्रात वाघाने माणूस मारला नाही. त्याचा मला अभिमान वाटायचा आणि अजून वाटतो. सुरुवातीला नकाशावर माणसांची पावलंही दिसायची, त्यापायी काही नवऱ्यांची दारूची ठिकाणं उघडी पडली आणि एका ठरलेल्या लग्नाचं फिसकटलं. मग नियम झाला की माणसाची चाल दिसली की यंत्राने ती तिथल्या तिथे पुसायची. शिवाय ज्याच्या खिशात फोन असेल त्याला यंत्र न तपासताच माणूस समजायचं.

आता हा सावरटोल्याचा वाघ. वाघ ओळीने काही दिवस गावाच्या हद्दीत फिरला तर भोवतीचं जंगल आपोआप बंद होतं, तरीही फिरत राहिला तर त्याला पकडायचं, असं वनखात्याचं ठरलेलं होतं. मे महिना तोंडावर आला होता. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम ही सावरटोल्याच्या बायांची वर्षाची खरी कमाई, आणि नेमकं तेव्हाच जंगल बंद झालं. प्रतिमाताई तिथेच दिलेली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, तेंदूची पानं तोडून शिकवलं. तिचा फोन आला.

"तिरवेणे, तुह्या त्या मशीनीनं आमचं जंगल बंद केलं."

"ताई, वाघीण हाये तिथं. रोज फिरून राह्यली."

"कोणी पायली?"

"मी पायली."

"नागपुरातून?" एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेंजर वाकुडकर साहेबांनी कळवलं, पिंजरा लावतोय. त्या भागात एकच वाघीण होती आणि तिच्याबरोबर दोन बछडे होते. ती पकडली गेली तर बछडे मरणार हे सांगायला प्रबंध लागत नाही. मी सरांना म्हटलं, जाऊन येते. सर म्हणाले, "जा. आणि ती गावात येते कुठून ते बघ. मला तुझी खडकाची थिअरी आवडलेली नाही."

सावरटोल्यात मला कोणी चहा विचारला नाही. ताईने विचारला, पण कप असा आदळला की निम्मा बशीत. तिची धाकटी जाऊ वनमाला चुलीपाशी बसून माझ्याकडे चोरून बघत होती. वाकुडकर साहेबांनी सगळं दाखवलं. पाळीच्या आसपास लावलेल्या कॅमेऱ्यांत कुत्रं आणि ससे, बाकी काही नाही. एक कॅमेरा तर कोणीतरी आभाळाकडे वळवून ठेवला होता. पिंजऱ्यात बांधलेला बोकड खाऊन खाऊन सुस्तावला होता.

मला खरं नवल वाटलं ते ताईचं. घरामागूनच वाघीण जाते म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते आणि ताईचं मागचं दार सताड उघडं.

"ताई, दार लाव ना."

"कायले?"

"वाघीण!"

"हो बाई, राह्यलंच," असं म्हणून तिने दार लोटलं. वनमाला तोंडाला पदर लावून हसली. मी मूर्ख असेन, पण इतकी नाही. या दोघींना काहीतरी माहीत होतं.

ऊन उतरल्यावर मी देवळात जाते म्हणून निघाले आणि पाळीखालच्या पळसाआड जाऊन बसले. हातात फोन, फोनवर नकाशा. अंधार पडायला थोडा अवकाश होता तेव्हा नकाशावर वाघीण उमटली. ती माझ्याच दिशेने येत होती. मी पळसाच्या बुंध्याला चिकटून बसले. मी मान वर केली.

पाळीवरून माझी बहीण येत होती.

पुढे ताई, मागे वनमाला. दोघींच्या खांद्यावर एक लांब बांबू आणि बांबूला मधोमध लटकवलेला पत्र्याचा मोठा डबा. डब्यातलं पाणी हिंदकळत होतं. पाळ अरुंद, दोन्ही बाजूंना काटे, आणि मागच्या वनमालाला डब्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. म्हणून ती मान खाली घालून ताईने जिथे पाय टाकला नेमका तिथेच पाय टाकत होती. एकाच जागी दोन ठोके, एकामागून एक. दोन सडपातळ बाया आणि पाण्याने भरलेला डबा मिळून सव्वाशे किलो.

मला हसू आवरेना. वाघिणीच्या भीतीने आलेलं रडू आणि हे हसू एकदमच बाहेर आलं. ताईने "कोण हाये?" म्हणून ओरडून बांबू खाली ठेवला. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहराच पडला.

डब्यात मरळ होत्या. जिवंत, अंड्यावर आलेल्या. ताईचं सासर ढिवरांचं, पिढीजात मासेमारीचं. उन्हाळ्यात गावची बोडी, म्हणजे लहान तळं, आटायला लागली की त्यातल्या मोठ्या मरळ उचलून जंगलातल्या डोहात नेऊन सोडायच्या. तो डोह आटत नाही. पावसात डोहाचं पाणी तलावाला मिळतं आणि गावाला पुन्हा बीज मिळतं. ही त्यांची जुनी रीत. पण डोह राखीव जंगलात, आणि गेल्या उन्हाळ्यात एका गार्डाने भरला डबा लाथेने उलटवला होता. त्या मरळ धुळीत तडफडताना वनमालाने पाहिल्या होत्या. म्हणून यंदा दोघी सांजेला निघायच्या आणि फोन घरी ठेवायच्या, म्हणजे नकाशाला कळायला नको. त्यांच्या वाटेवर रोखलेला एकच कॅमेरा होता, तो वनमालाने आभाळाकडे वळवून ठेवला होता. परतताना रिकामा डबा एकटी वनमाला डोक्यावर घ्यायची, मग दोन साधी माणसं चालल्यासारखी यंत्र दोघींची पावलं पुसून टाकायचं.

"वाघीण आपणच हाओत हे तुमाले माहीत होतं?" मी विचारलं.

"अगुदर नाई," वनमाला म्हणाली. "मंग सायबानं नकाशा दाखवला. आमच्याच रस्त्यानं, आमच्याच टायमाले. आमाले काई खरं वाघाचं भेव वाटलं नाई."

"आता सांगशील ना सायबाले?" ताईने विचारलं.

"सांगावं लागंल, ताई. नाई तं त्या खऱ्या वाघिणीले पकडून नेतील आणि तुमचं जंगल बी उघडणार नाई."

"आमचा डोह जाईल."

"नाई जाऊ देत."

"तू कोण नाई जाऊ देणारी?" ताई म्हणाली. तिने बांबू उचलला आणि दोघी पुढे निघाल्या. जाणाऱ्या बहिणीच्या पाठीकडे बघत मी तिथेच उभी राहिले. मला फार एकटं वाटलं. पण हातातल्या फोनवर सवयीने नजर गेली आणि तेव्हाच ते दिसलं. वळणावर दोघी थांबल्या, बांबू उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतला आणि पुन्हा चालायला लागल्या. नकाशावरची वाघीणही थांबली, आणि निघाली तेव्हा तिच्या पावलांचा ताल बदललेला होता. वाघ कशाला खांदा बदलेल!

सकाळी मी वाकुडकर साहेबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी बोकड बांधून दोन बायांना पकडायला निघालो होतो?" साहेबांनी कपाळावर हात मारला.

"कागदावर कसं लिहायचं ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं. "पण साहेब, गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. त्यात पाण्यातली मासळीही येते. डोहात मरळ सोडणं हा ग्रामसभेचा हक्क आहे. तुमच्या माणसाने डबा उलटवला तो गुन्हा."

साहेबांनी बाहेर बोकडाकडे पाहिलं. त्यांना आपलं हसं होण्याची भीती जास्त असावी. ते म्हणाले, "मरळ नेऊ द्या. पण फोन घेऊन. आणि तेंदूसाठी जंगल उघडायचं तर वाघ कुठला आणि बाया कुठल्या हे तुमच्या यंत्राने मला सांगायला हवं. जबाबदारी तुमची."

मी ती घेतली. हंगामाच्या आधी यंत्र नव्याने शिकवलं. दोन-दोन ठोक्यांची चाल, मध्येच विराम, विरामानंतर ताल बदललेला, म्हणजे जोडीने वाहिलेलं ओझं. त्याला मी नुसतं 'जोडी' नाव दिलं. आतापर्यंतच्या सगळ्या वाघांच्या चाली पुन्हा तपासल्या तेव्हा आणखी गावांतून अशा जोड्या निघाल्या. कोणी मोहफुलं वाहणारे, कोणी आजारी माणसाला झोळीत घालून नेणारे. मला पटलं की मी जिंकले. सरांना फोन केला.

"छान," सर म्हणाले. "पण चालीचा तुकडा लहान असला तर? केबल ओलांडून जाईपर्यंत खांदा बदलायला वेळच मिळाला नाही, तर यंत्र काय म्हणेल?"

"काहीतरी एक म्हणावं लागेल. वाघ म्हटलं तर जंगल पुन्हा बंद. गावाजवळ जोड्याच जास्त असतात सर, म्हणून मी 'जोडी' धरलंय."

"गणिताने बरोबर आहे. चुकलं तर कोणाच्या घरी चुकेल?"

बघते म्हणून मी फोन ठेवला. मला ताईला जंगल द्यायचं होतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हंगामाच्या पहिल्या पहाटे उजाडता उजाडता बाया जंगलात शिरल्या. ताई आणि वनमालाही, साहेबांच्या अटीप्रमाणे फोन कमरेला खोचून. ताई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसले, शेजारी वाकुडकर साहेब, आणि छतावर बायांना परत बोलवायचा भोंगा. जंगलाच्या रस्त्यापलीकडे बायांचे फोन ठिपक्यांनी दिसत होते. तेंदू तोडणारी बाई दिवसभर झुडपाशी वाकलेली असते, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. हे मला ठाऊक होतं, ताईलाही ठाऊक होतं.

डोहाच्या अंगाने रस्त्यावर दोन-दोन ठोक्यांची चाल उमटली आणि रस्ता ओलांडून बायांकडे गेली. छोटासा तुकडा. यंत्राने लिहिलं : जोडी.

"जोडी आहे," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हटलं. पण मरळ सांजेला जातात. तेंदूचे पुडके बाया डोक्यावर आणतात, आणि तेही ऊन चढल्यावर. या वेळी बांबूला ओझं लटकवून कोण निघालं? आणि निघालं असेल तर फोन कुठे आहे? मी खांदा बदलायची वाट बघत होते, पण पुढे केबलच नव्हती.

"साहेब, भोंगा वाजवते."

"मॅडम, पहिल्याच दिवशी खोटा भोंगा झाला तर उद्यापासून एक बाई ऐकणार नाही. तुमच्याच यंत्राने जोडी लिहिलंय ना?"

त्यांचं चुकत नव्हतं. ताईने माझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता, तेही मला कळत होतं. मी भोंगा वाजवला.

बाया आल्या त्या तणतणत. हातातली पानं जंगलात टाकून यायला लागलं होतं. सगळ्यात शेवटी ताई आली, घामाने निथळत, आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"वाघ होता?"

"माहीत नाई."

"मशीन का म्हणे?"

"मशीन जोडी म्हणे."

"मशीन जोडी म्हणे, तुले माहीत नाई, मंग आमाले बोलावलं कायले व?" ती ओरडली. सगळ्या बाया ऐकत होत्या.

"माहीत नोतं म्हणूनच बोलावलं, ताई."

ती पायरीवर बसली आणि पदराने मान पुसत राहिली. बाकीच्या बायांनी मात्र माझा यथेच्छ उद्धार केला. वाकुडकर साहेब गार्डांना घेऊन जंगलात गेले होते, ते परत येईपर्यंत मी तो ऐकत उभी होते. साहेबांनी आल्या आल्या फोन पुढे केला. फोटोत ताईचं लुगड्याचं फडकं होतं, त्यावर तोडलेल्या पानांचा ढीग. ढीग एका बाजूने चेपलेला. फडक्याशेजारी मऊ मातीत मोठा पंजा, आणि त्याच्या मागेपुढे दोन लहान पंज्यांची रांग.

"रस्त्यावरून ती पुढे गेली, बछडे मागून," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "लहानांची पावलं यंत्राला लागलीच नसतील."

वनमालाने तो फोटो पाहिला आणि ताईकडे पाहिलं. ते फडकं कोणाचं हे तिला सांगावं लागलं नाही.

मी लॅपटॉपपाशी गेले. आधी तो शंका आली की 'जोडी' धरायचा नियम खोडला. जोडी आणि वाघ यांच्या मध्ये तिसरं नाव घातलं, 'माहीत नाही', आणि ते आलं की आधी भोंगा, मग चौकशी. प्रबंधात यावर परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत, मी ते बदलणार नव्हते. मागे ताई येऊन उभी राहिली होती. पडद्यावरचं तिने एकेक अक्षर लावत वाचलं.

मग तिने माझ्या पाठीत एक सणसणीत रट्टा घातला. मी वळले तर तिने मला ओढून घट्ट धरलं. तिच्या अंगाला कच्च्या पानांचा वास होता.

"माहीत नाई म्हणे," ती म्हणाली, आणि मला सोडेना.